सहपत्रांसह अग्रेषित

शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला ‘मार्फत’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. शिक्षकाला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असला तर तो थेट करता येत नाही. अर्जाच्या वरच्या बाजूला ‘मार्फत : मुख्याध्यापक’ असं लिहावं लागतं. मुख्याध्यापक अर्जातल्या मागणीवर निर्णय देत नाहीत. आवक-जावक नोंदवहीत नोंद होते, अर्जावर ‘सहपत्रांसह अग्रेषित’ असा शेरा पडतो, सही-शिक्का होतो आणि कागद पुढे जातो. मधल्या माणसाकडून अपेक्षा एकच, की जे आलं ते जसंच्या तसं पुढे जावं. एखादं सहपत्र टाचणीतून निसटलं तर अर्जदाराला त्याचा पत्ता लागतो तो त्रुटीचा कागद परत आल्यावर. कधी कधी तोही येत नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशी ‘मार्फत’ची कामं अखंड चालू असतात आणि तिथंही सहपत्रं निसटतात. ती निसटू नयेत म्हणून प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एखादी सोय असावी का, असली तर ती कोणत्या चिन्हानं दाखवावी, यावर जाणकारांनी वर्षानुवर्षं खल केला आहे. रुबी या भाषेत तो खल तीन टिंबांपाशी येऊन थांबला, निदान काही काळ. त्या तीन टिंबांबद्दल आज बोलायचं आहे. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनीही ऐकावं असं त्यात बरंच आहे, कारण मुळात हा प्रश्न भाषेचा आहे.

आधी थोडी ओळख. मोठा प्रोग्रॅम म्हणजे हजारो लहान लहान कामांची बांधणी. रुबीमध्ये अशा एकेका कामाला ‘मेथड’ म्हणतात. मेथडला काम सांगताना तिच्या हाती जो ऐवज द्यावा लागतो, त्याला ‘आर्ग्युमेंट’ म्हणतात. समजा, ‘पाठव’ नावाची मेथड आहे. तिला पत्ता हवा, मजकूर हवा. शिवाय पत्र तातडीचं आहे की नाही, हेही सांगायचं असेल. रुबीत मेथडचं नाव देवनागरीत ठेवलं तरी चालतं, म्हणून हे उदाहरण अगदीच काल्पनिक नाही.

आता ‘पाठव’च्या अलीकडे आणखी एक मेथड उभी करू, ‘नोंदवून_पाठव’. तिनं वहीत नोंद करायची आणि बाकी सगळं ‘पाठव’कडे सोपवायचं. हीच आपली मुख्याध्यापक. खऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा मध्यस्थ मेथड जागोजागी असतात. कुणी परवानगी तपासते, कुणी कामाला लागलेला वेळ मोजते, कुणी पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करून पाहते. या सगळ्यांना आलेला ऐवज पुढे सरकवावा लागतो.

यात अडचण ती काय? अडचण यादीची आहे. मध्यस्थ मेथड लिहिणाऱ्याला ‘माझ्याकडे पत्ता, मजकूर आणि तातडी येईल’ असं एकदा लिहावं लागतं आणि ‘मी पत्ता, मजकूर आणि तातडी पुढे देईन’ असं पुन्हा एकदा. उद्या ‘पाठव’ला प्रतिलिपी कुणाला द्यायची हेही कळायला हवं असं ठरलं, तर मधल्या प्रत्येक मेथडची यादी दोन-दोन ठिकाणी दुरुस्त करावी लागते. मध्ये तीन मध्यस्थ असले तर सहा दुरुस्त्या. पाच झाल्या आणि एक राहिली, की झालं!

सी प्लस प्लस या भाषेत तर हे दुखणं फारच वाढलं होतं. तिथं आर्ग्युमेंट बदलता येण्याजोगं आहे की नाही, यालाही महत्त्व आहे. त्यामुळे कोणतंही आर्ग्युमेंट निर्धोकपणे पुढे द्यायचं, तर प्रत्येकाच्या दोन शक्यता धरून मध्यस्थाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लिहाव्या लागत. एका आर्ग्युमेंटला दोन, दोनांना चार, तीनांना आठ आणि दहा आर्ग्युमेंटना १०२४. पीटर दिमोव्ह, हॉवर्ड हिनंट आणि डेव्हिड अब्राहम्स यांनी २००२ साली प्रमाणीकरण समितीपुढे ठेवलेल्या टिपणात हा पेच नीट मांडला. त्यावरचं उत्तर भाषेत अधिकृतपणे आलं ते २०११च्या प्रमाणित आवृत्तीत. प्रश्न नेमका मांडल्यावरही उत्तर भाषेत उतरायला नऊ वर्षं लागली.

रुबीची प्रकृती निराळी. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली या भाषेचं काम सुरू केलं आणि १९९५ साली ती लोकांसमोर आली. त्या वेळी पर्ल ही भाषा जोरात होती. पर्ल म्हणजे मोती, म्हणून ही रुबी, म्हणजे माणिक. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला लिहिताना आनंद वाटावा, हे आपलं उद्दिष्ट असल्याचं मात्सुमोतो सांगत आले आहेत. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली रुबीत ‘रेल्स’ हा सांगाडा तयार केला आणि संकेतस्थळं उभारणाऱ्यांमध्ये ही भाषा जगभर पसरली. आपल्याकडेही ती रुजली. रुबीकॉन्फ इंडिया ही परिषद पुण्यात आणि गोव्यातही भरलेली आहे.

रुबीत मेथडला तीन तऱ्हांचा ऐवज देता येतो, आणि हे तीन प्रकार ध्यानात घेतले की पुढची सगळी गोष्ट उलगडते. पहिला प्रकार क्रमाचा : आधी पत्ता, मग मजकूर. क्रम चुकला की अर्थ चुकला. दुसरा प्रकार नावाचा : ‘तातडी: होय’. इथं क्रमाला महत्त्व नाही, कारण नाव सोबत आहे. तिसरा प्रकार रुबीचा खास. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉक म्हणजे वस्तू नव्हे, ती सूचना असते. ‘पोच आली की अमुक करा’ असं सांगणारा कामाचा एक तुकडाच मेथडच्या हाती ठेवलेला असतो.

प्रत्येक प्रकार गोळा करायला चिन्ह आहे. एक तारका लावली की क्रमाची सगळी आर्ग्युमेंटं एका गाठोड्यात येतात. दोन तारका लावल्या की नावाची येतात. अँडचं चिन्ह लावलं की ब्लॉक येतो. म्हणजे सगळं पुढे द्यायचं तर मेथडच्या कंसात (*आर्ग्ज, **ऑप्ट्स, &ब्लॉक) असं लिहायचं आणि पुढच्या मेथडला बोलावताना तेच पुन्हा लिहायचं. तीन नावं, दोनदा. या नावांना अर्थ काहीच नाही. ‘आलं ते आलं’ एवढंच त्यांतून कळतं.

बरं, यातलं एक विसरलं तर काय होतं? ब्लॉकचं पाहा. रुबीत कोणत्याही मेथडला ब्लॉक देता येतो. तिनं तो मागितलेला नसला तरी ती तक्रार करत नाही. तेव्हा मध्यस्थानं ब्लॉक पुढे द्यायचा विसरला, तर सर्वसाधारणपणे चूक दाखवलीच जात नाही. पत्र जातं, वहीत नोंद होते, फक्त ‘पोच आली की अमुक करा’ ही सूचना मधल्या टेबलावरच राहते. प्रोग्रॅम मोडून पडला तर निदान कळतं तरी. न मोडता अर्धवट काम करणारा प्रोग्रॅम जास्त घातक, कारण सगळं सुरळीत आहे असंच वाटत राहतं.

नावाच्या आर्ग्युमेंटांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. रुबीत ती रीतसर आली आवृत्ती २.० मध्ये. ही आवृत्ती २४ फेब्रुवारी २०१३ रोजी, भाषेच्या विसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाली. पण जुन्या सवयींना सांभाळून घेण्यासाठी तेव्हा एक सवलत ठेवली गेली. शेवटचं आर्ग्युमेंट नाव-किंमत अशा जोड्यांची यादी असेल, तर भाषा स्वतःहून तिला नावाची आर्ग्युमेंटं समजे, आणि प्रसंगी उलटही करी. त्यामुळे मध्यस्थानं नुसती एक तारका लावली तरी भागत असे. नावाचा ऐवज क्रमाच्या गाठोड्यात शेवटी जाऊन बसे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा नावाचा होई.

सवलत सोयीची होती, पण ती अंदाजावर चालत होती आणि अंदाज चुकत होता. एखाद्याला जोड्यांची यादी ही वस्तू म्हणूनच द्यायची असे आणि भाषा तिला नावाची आर्ग्युमेंटं समजून फोडून टाकी. अखेर हे दोन प्रकार पूर्ण वेगळे करायचं ठरलं. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती २.७ नं इशारे द्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२० च्या आवृत्ती ३.० मध्ये फारकत झाली.

नियम स्वच्छ झाला, पण त्याची किंमत मध्यस्थांना मोजावी लागली. नुसती एक तारका लावून वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेल्या मेथड अडू लागल्या. नावाचा ऐवज गाठोड्यात शिरताना जोड्यांची साधी यादी होई आणि बाहेर पडताना यादीच राही. पुढच्या मेथडला तेवढं जास्तीचं आर्ग्युमेंट चालत नसेल तर ती चूक दाखवून थांबे. तिच्याकडे योगायोगानं एखादी ऐच्छिक जागा रिकामी असली, तर ही यादी गुपचूप त्या जागी जाऊन बसे. मग ‘तातडी: होय’ लिहिलेलं पत्र साध्या टपालानं जाई.

‘मग दोन तारकाही लिहा’ असं म्हणणं सोपं होतं. पण २.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत नावाचा ऐवज रिकामा असला, तरी दोन तारकांमुळे पुढे एक रिकामी यादी जाऊ शकत असे आणि नको तिथं एक आर्ग्युमेंट वाढे. म्हणजे नव्या आवृत्तीत बरोबर असलेलं लिखाण जुन्या आवृत्तीत चूक ठरे आणि जुन्यातलं बरोबर नव्यात चूक. स्वतःच्या एकट्याच्या प्रोग्रॅमचं निभावून जातं. पण जे लोक इतरांच्या उपयोगासाठी सामायिक आज्ञावली लिहितात, त्यांना जुने-नवे सगळे ग्राहक सांभाळावे लागतात. त्यांची मोठी कोंडी झाली. ती सुटावी म्हणून २.७ मध्ये ‘ही मेथड जुन्या रीतीची समजा’ असं सांगणारी एक तात्पुरती खूणही द्यावी लागली.

याच २.७ मध्ये आपली तीन टिंबं आली. मेथडच्या कंसात (...) लिहायचं आणि पुढच्या मेथडला बोलावतानाही (...) लिहायचं. अर्थ असा : क्रमाचं, नावाचं, ब्लॉक, जे काही आलं असेल ते जसंच्या तसं पुढे. नावं नाहीत, यादी नाही. ‘सहपत्रांसह अग्रेषित’ हा शेराच जणू भाषेत आला.

ही कल्पना आभाळातून पडलेली नव्हती. संख्याशास्त्रात वापरली जाणारी आर ही भाषा आणि ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ, या दोन्हींत उरलेला ऐवज पुढे देण्यासाठी तीन टिंबं आधीपासून आहेत. खुद्द रुबीतही एका ठिकाणी असा वहिवाटीचा हक्क होता. पूर्वज वर्गातल्या मेथडला बोलावणारा ‘सुपर’ हा शब्द कंसाशिवाय नुसता लिहिला, तर आलेला ऐवज आपोआप वर जातो. त्याला रिकामा कंस जोडला, की आर्ग्युमेंटांपैकी काहीच जात नाही! नवशिक्यांना हा फरक हमखास चकवतो. तीन टिंबांनी तीच सोय कोणत्याही मेथडकरता उघड, डोळ्यांना दिसेल अशी करून दिली.

पण भाषेत चिन्हांची जागा मोकळी नसते, प्रत्येक चिन्हावर आधीच कुणाचा तरी ताबा असतो. रुबीत तीन टिंबं व्याप्ती दाखवतात. १...१० म्हणजे एकपासून दहापर्यंत, दहा सोडून. त्यात डिसेंबर २०१८ च्या आवृत्ती २.६ पासून शेवट न लिहिलेली व्याप्तीही चालू लागली होती. म्हणून कंस न लिहिता ‘पाठव ...’ असं लिहिलं तर भाषेला वाटतं, ही ‘पाठव’पासून सुरू होणारी अंतहीन व्याप्ती आहे. यामुळे बोलावताना कंस सक्तीचा झाला. एरवी कंस गाळण्याची मुभा देणाऱ्या भाषेत हा अपवाद पत्करावा लागला.

सोय आली की तिच्या मर्यादाही लगेच जाणवतात. पहिलं आर्ग्युमेंट पाहून मग बाकीचं पुढे द्यायचं असेल तर? ती मुभा ३.० मध्ये मिळाली. मग (पहिलं, ...) असं लिहिता येऊ लागलं. सगळं नको, फक्त ब्लॉक पुढे द्यायचा असेल तर? त्यासाठी डिसेंबर २०२१ च्या ३.१ मध्ये नाव न देता नुसतं अँडचं चिन्ह लिहिता येऊ लागलं. हा प्रस्ताव प्रथम २०१५ साली मांडला गेला होता, म्हणजे तो सहा वर्षं वाट पाहत होता. पुढच्या वर्षी ३.२ मध्ये एक तारका आणि दोन तारका यांनाही तीच बिननावी मुभा मिळाली.

यातूनही नवा प्रश्न निघाला. मेथडमध्ये बिननावी तारका आहे, तिच्या पोटातल्या ब्लॉकलाही स्वतःची बिननावी तारका आहे, आणि आत कुणी तारका पुढे दिली, तर ती कोणाची समजायची? घरात दोन ‘बाळासाहेब’ असले की हाक मारणाऱ्याची पंचाईत व्हावी तसं हे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ३.३ नं अशा ठिकाणी अंदाज न करता सरळ चूक दाखवायचं धोरण घेतलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. २०१३ ची सवलत अंदाजावर चालत होती आणि ती निस्तरायला सात वर्षं गेली. त्या अनुभवातून आलेलं हे शहाणपण असावं.

आता दुसरी बाजू. तीन टिंबांवर आक्षेपही आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. मेथडच्या कंसातली नावं म्हणजे तिची ओळख. ‘पत्ता, मजकूर, तातडी’ वाचलं की काम कळतं. तीन टिंबं वाचून काहीच कळत नाही, पुढच्या मेथडपर्यंत चालत जावं लागतं. तिथंही टिंबंच असली तर आणखी पुढे. शिवाय ऐवज कमी-जास्त झाला, तर चूक दाखवली जाते ती पलीकडच्या मेथडमध्ये. पहिल्या टेबलावर परत व्हायला हवा असलेला अर्ज संचालनालयातून परत येतो, तसा हा प्रकार.

म्हणून माझ्या मते तीन टिंबांची जागा ठरलेली आहे. मध्यस्थाला ऐवजाशी खरोखर काही कर्तव्य नसेल, नोंद करणं किंवा वेळ मोजणं एवढंच काम असेल, तर टिंबं लिहावीत. तिथं यादी लिहिणं म्हणजे चुकीला आमंत्रण. पण मध्यस्थाला ऐवज समजून काही ठरवायचं असेल, तर नावं लिहावीत, लांबलचक झाली तरी लिहावीत. हात दुखतात म्हणून नावं गाळणं आणि नावांना अर्थ नाही म्हणून गाळणं, या दोहोंत फरक आहे.

वेगाचाही मुद्दा आहे, तो थोडक्यात सांगतो. गाठोडं बांधलं की संगणकाच्या स्मृतीत त्यासाठी जागा लागते, आणि प्रत्येक मध्यस्थ नवं गाठोडं बांधतो. तीन टिंबं लिहिली की गाठोडं उघडायचं नाही हे भाषेला आधीच कळतं. याचा फायदा घेऊन डिसेंबर २०२४ च्या ३.४ मध्ये ऐवज गाठोडं न बांधताच पुढे देण्याची तजवीज झाली. लिहिणाऱ्याचा हेतू चिन्हातून स्पष्ट झाला, तर यंत्रालाही काम हलकं करता येतं.

रुबीत बदलाचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. पदवी लागत नाही, नोकरी कुठली हे विचारलं जात नाही. अंतिम शब्द मात्सुमोतो यांचा असतो. मात्र प्रस्ताव टिकायचा तर काही प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत. प्रत्यक्ष लिखाणात ही अडचण किती वेळा येते? आज ती कशी निभावली जाते? नव्या चिन्हाचा जुन्या चिन्हाशी झगडा होतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी लिहिलेलं किती मोडेल? ‘मला हे सुंदर वाटतं’ एवढ्यावर भाषा बदलत नाही, बदलूही नये. जगात कुठं तरी कुणी दहा वर्षांपूर्वी लिहिलेली मेथड आज एखाद्या दुकानाचा हिशेब ठेवत असते. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. भाषा बदलणाऱ्यांना त्या दुकानदाराचाही विचार करावा लागतो.

आपल्याकडे रुबीत काम करणारी पुष्कळ तरुण मंडळी दुसऱ्यांच्या लिखाणाची देखभाल करतात. आवृत्ती बदलताना कोणतं सहपत्र कुठं निसटलं, हे त्यांनीच शोधलेलं असतं. भाषेत काय खुपतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ‘भाषा ठरवणारे ते, आपण वापरणारे’ असं म्हणून ही माणसं गप्प बसतात. त्यांनी बोलावं. एखादी अडचण पुन्हा पुन्हा आली तर तिची उदाहरणं गोळा करावीत, ती नेमक्या शब्दांत मांडावी आणि प्रस्ताव धाडावा. तो फेटाळला जाऊ शकतो, सहा वर्षं पडूनही राहू शकतो. पण इथं ‘मार्फत’ लागत नाही. अर्ज थेट करता येतो.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)